सगळ्यांतला ळ

मंगळवारी सकाळी माझ्या कॉम्प्युटरने एक अक्षर गिळलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. मला ते कळलं साडेनऊला, एका बाईंनी आपल्या सासऱ्यांना कशासाठी दाखल करून घेतलंय असं विचारलं तेव्हा. माझ्या कानात आवाज आला, "पोटात जज."

मी परत ऐकलं. पोटात जजच होता. बाईंना म्हटलं, जरा थांबा हं, आणि घसा खाकरून वेळ काढला. पाच-सात सेकंदांनी डोक्यात उजेड पडला, की अहो, जळजळ. दोन्ही ळ गायब.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर पुढे घोटाळा व्हायचा. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. अकरा वर्षं झाली. मला जन्मापासून दिसत नाही. डाव्या कानाला हेडफोन असतो, त्यातून कॉम्प्युटर पडद्यावर जे जे लिहिलंय ते वाचून दाखवतो. उजवा कान खिडकीकडे मोकळा. पेशंटचं नाव घातलं की मजला, खाट, तब्येत, भेटीची वेळ असं सगळं डाव्या कानात येतं आणि मी ते तोंडाने खिडकीबाहेर पाठवते. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही. हे नम्रपणे वगैरे सांगायला मला जमत नाही, आहे ते आहे.

ळ नुसता गेला असता तर एक वेळ निभावलं असतं. पण जाताना तो आपला काना, मात्रा, वेलांटी मागे टाकून जायचा आणि ते लोढणं आधीच्या अक्षराच्या गळ्यात पडायचं. आमच्याकडे फरशीवर रंगीत पट्ट्या आखल्यात, त्या धरून माणसं आपापल्या विभागात जातात. निळी, पिवळी, काळी, जांभळी. रंग ज्याने निवडले त्याचं माझ्याशी काय वाकडं होतं कोण जाणे. निळी झाली नी, पिवळी झाली पिवी, काळी झाली काई. लाल तेवढी शाबूत राहिली. ज्यांच्या आडनावात ते अक्षर, त्या पेशंटांची तर ओळखच पटेना. अंदाजपंचे मी दोन दिवस रेटलं आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही.

गुरुवारी पितळ उघडं पडलं. कामावरून थेट आलेला एक ड्रायव्हर बायकोची चौकशी करायला खिडकीशी आला. कानात आलं, "प्रसूती झाली, जुई, सुखरूप." मी अगदी आनंदाने सांगितलं, मुलगी झाली, नावसुद्धा लिहिलंय बघा, जुई. त्याला नावाचं काहीच माहीत नव्हतं. म्हणजे सासूने परस्पर ठेवलं, असं धरून त्याने तिथेच, माझ्या खिडकीला टेकून, सासूला फोन लावला आणि मागच्या पाच वर्षांचं सगळं उकरून काढलं. मग वर गेला. वर दोन मुलगे होते. जुळी.

खाली येऊन त्याने तक्रार केली. सासूने वेगळी केली.

आमचे मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे. वाईट असते तर भांडता आलं असतं. त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी मागवलं आणि म्हणाले की पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत आवाज दुरुस्त करून घ्या. नाही झाला तर तुमची सोय रेकॉर्ड रूममध्ये करू. पगार तोच. काम काही नाही, नुसतं खुर्चीवर बसायचं, तुम्हाला कसलाही त्रास होणार नाही.

त्या खुर्चीची मला चांगली माहिती होती. आधी तिथे गुडघे गेलेले एक लिफ्टमन बसायचे. रोज अकरा वाजता काही ना काही निमित्त काढून ते माझ्या खिडकीशी यायचे आणि नुसते उभे राहायचे, माणसांचे आवाज ऐकत. निवृत्त होईपर्यंत त्यांचं स्वतःचं बोलणंच आटून गेलं होतं. मी त्या दिवशी घरी आले आणि रडले. पगाराशी माझं काही वैर नाही, पण मला माझी खिडकी हवी होती.

घरात आम्ही दोघीच असतो, मी आणि वहिनी. भाऊ महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. वहिनी ब्लाउज शिवते आणि तिचं तोंड तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे. तिने मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे सॉफ्टवेअर बनवतं कोण, मला त्यांचा पत्ता दे.

पत्ता कसला देणार? ते मुक्त सॉफ्टवेअर. त्याला कंपनी नाही की मालक नाही. ठिकठिकाणची हौशी माणसं मिळून ते बनवतात, फुकट वाटतात, आणि आत काय लिहिलंय ते कोणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं. ते स्वतःला समुदाय म्हणवतात. आपल्या भाषेत बोलणारा दुसरा आवाजच नव्हता, आणि मंगळवारी आपोआप शिरलेली नवी आवृत्ती काढून जुनी परत घालायला हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याने साफ नकार दिला, नियमात बसत नाही म्हणून. त्यामुळे आमचं घोडं या समुदायाच्याच दारात येऊन अडलं.

त्यांच्या तक्रारीच्या फॉर्मात एक रकाना सक्तीचा होता. दोषाचा फोटो जोडा. ऐकू न येणाऱ्या अक्षराचा फोटो कसा काढतात ते कुठे लिहिलेलं नव्हतं. वहिनीने मला खुर्चीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि म्हणाली, आता तोंड त्रासल्यासारखं कर. त्यासाठी मला वेगळं काही करावं लागलं नाही. तिने फोटो काढला आणि जोडून दिला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. एका स्वयंसेवकाने लिहिलं होतं की मी पडद्यावर पाहिलं, ळ व्यवस्थित दिसतोय. दुसऱ्याने विचारलं, ळ ऐवजी ल वापरून तुमचं भागत नाही का. तिसऱ्याने दुसऱ्याला भाषेचा वैरी म्हटलं, आणि त्यापुढची एक्केचाळीस उत्तरं त्या दोघांची एकमेकांना होती. चौदाव्या दिवशी झाडू आला. झाडू हा त्यांचा आपोआप चालणारा प्रोग्राम आहे, चौदा दिवसांत ज्या तक्रारीचा निकाल लागत नाही ती तो झाडून टाकतो. त्याचा निरोप माझ्या कानात असा पडला: "तुमची तक्रार शी झाल्याने बंद करण्यात येत आहे. कावे."

वहिनीने पडद्यावरून वाचलं आणि म्हणाली की शिळी झाल्याने असं आहे, आणि शेवटी कळावे आहे. मी म्हटलं, राहू दे, मला ऐकू आलं तेच खरं असणार.

मग मात्र मी खरमरीत पत्र लिहिलं. दोन दिवसांत त्यांच्या समन्वयक बाईंचा फोन आला. बाईंनी चाळीस मिनिटं माझं ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि शेवटी म्हणाल्या की आम्ही कमी पडलो, सगळ्यांच्या वतीने मी माफी मागते. अकरा वर्षांत माझी कोणी माफी मागितली नव्हती, त्यामुळे मी तिथेच विरघळले. त्या म्हणाल्या, नेमकं याचसाठी समुदाय एक मंडळ काढतोय, समावेश आणि उत्तरदायित्व मंडळ. कोणीही बाहेर राहू नये आणि ज्याने जे केलं त्याची त्याने जबाबदारी घ्यावी, हे त्याचं काम. तुम्ही त्यात हव्यातच. मी हो म्हटलं. वाटलं, एकदा आत शिरले की अक्षर दोन दिवसांत परत येईल. माझ्यासारखी खुळी मीच.

बैठका दर रविवारी, कॉम्प्युटरवरून, आम्ही नऊ सदस्य. पहिल्या बैठकीचे दोन तास मंडळाला मंडळ म्हणावं की गट, यात गेले. मंडळ ठरलं. पुढे लेखी वृत्तांत आला तेव्हा माझ्या कानात आम्ही सगळे मंड होतो. मतदान हात वर करून व्हायचं, ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्यापुढे. मी विचारायची, काय ठरलं, तर कोणीतरी म्हणायचं, मंजूर, एकमताने. माझा हात वर होता की मांडीवर, हे त्यांनी कसं मोजलं ते मला आजतागायत माहीत नाही. नियम क्रमांक चार तर मला मागाहून समजला: यापुढे कुठलाही बदल चौदा दिवस सर्वांच्या मतासाठी खुला ठेवायचा. तोही एकमताने झालेला, म्हणजे त्यात मी आलेच.

दुसऱ्या बैठकीत मी ळ चा विषय काढला. सदस्यांत कॉलेजात शिकवणारे एक सर होते, ते म्हणाले, सोपं आहे. सॉफ्टवेअर जिथे साठवतात त्या कोठारात कॉम्प्युटरला द्यायची 'दोष' नावाची एक आज्ञा असते. सॉफ्टवेअरच्या कोणत्याही ओळीवर ती चालवली की ती ओळ शेवटी कोणी बदलली, कधी आणि का, तिन्ही समोर येतं. मी म्हटलं, मग चालवा की. त्यावर समन्वयक बाई हळुवारपणे म्हणाल्या की आधी या शब्दाचाच विचार करायला हवा. नवा माणूस विश्वासाने आपल्यात येतो आणि पहिल्याच दिवशी त्याला दोष दिसतो, किती टोचत असेल त्याला.

तेव्हा मूळपुरुष बोलले. बावीस वर्षांपूर्वी एकट्याने हे सॉफ्टवेअर सुरू केलेले गृहस्थ, आमच्या नवांतलेच एक. सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे आणि लिहिताना तेही हेच नाव लावायचे. माझ्या कानात ते मूपुरुष म्हणून यायचे. मऊ आवाज, बोलणं मोजकं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाले, शब्दाचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

झालं. त्या शब्दाने तीन रविवार खाल्ले. कोणी म्हणालं उगम, कोणी म्हणालं हातभार. एकाने स्पर्श सुचवलं, पण काहींना स्पर्श आवडत नाही म्हणून ते बाद झालं. मी दर वेळी विचारायची, नवा शब्द मिळेपर्यंत जुन्याने चालवून बघायला काय हरकत आहे? तर जुना शब्द वापरणं आता बरं दिसणार नाही, आणि नवा अजून ठरायचाय. शेवटी एकदा माझा आवाज चढला. दुसऱ्या दिवशी माझ्या सुराबद्दल मला एक प्रेमळ पत्र आलं, खाली कावे. बावीस तारखेला अखेर शब्द ठरला, श्रेय. टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, आता तरी चालवा, तर बैठकीची वेळ संपली होती.

माझ्या हातात आठ दिवस होते. हॉस्पिटलात रेकॉर्ड रूममधली खुर्ची पुसून ठेवली होती, असं मला सफाईच्या मावशींनी येऊन सांगितलं. त्यांचा उद्देश चांगला होता.

समुदायाचा वार्षिक मेळावा एकोणतीस तारखेला होता, रविवारी. मंडळाचं घोषणापत्र मंचावरून मी वाचायचं असं ठरलं, आणि यंदापासून सुरू होणारा श्रेय-सन्मानही माझ्याच हस्ते. मानकरी कोणी माणसाने निवडायचा नाही, पक्षपात नको. उच्चाराच्या सगळ्या ओळींवर श्रेय ही आज्ञा चालवायची, ज्याचा शेवटचा हात सर्वांत जास्त ओळींना लागलाय तो मानकरी, आणि मानपत्रही त्या नोंदींतून आपोआप छापून निघेल. या कल्पनेचं त्यांना फार कौतुक होतं. शनिवारी दुपारी दोन्ही कागद माझ्या फोनवर आले. फोनमध्येही आवाज तोच, त्यामुळे त्यालाही ळ नाही. वहिनी बाह्या जोडत होती. मी मानपत्र लावलं.

"मानकरी, मूपुरुष. ओ दोनशे बारा. श्रेय, मूपुरुष. नोंद: हे अक्षर अडखतं, फारसं कोणी वापरत नाही. वगलं."

ओ म्हणजे ओळ. वगलं म्हणजे वगळलं. मी ते तीनदा ऐकलं आणि मग वहिनीला वाचायला लावलं. तिने वाचलं आणि हातातली बाही टाकून दिली.

चूक केल्याचा मला राग आला नाही. चूक कोणाच्याही हातून होते, मी एका बापाला दोन मुलांच्या जागी एक मुलगी दिली होती. माझा संताप झाला तो वेगळ्याच गोष्टीने. तीन रविवार हा माणूस माझ्याबरोबर बसला होता. मी विचारत होते कोणी काढलं, आणि तो शब्दांवर मत देत होता. वहिनी म्हणाली, उद्या मंचावरच त्याला चार शब्द सुनाव. मी म्हटलं, माझ्या सुराबद्दल आधीच पत्र आलंय. उद्या मी पदरचा एकही शब्द बोलणार नाही, कानात येईल तेवढंच वाचणार.

हॉल मोठा होता, खुर्च्यांच्या आवाजावरून दीडेकशे माणसं असावीत. वहिनीने मला मंचावर नेऊन बसवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, मागे भिंतभर तुझा फोटो लावलाय. त्रासलेल्या तोंडाचा. तक्रारीला जोडला होता ना, तोच. खाली लिहिलंय, सगळ्यांचं, सगळ्यांसाठी. आणि कोपऱ्यात माझा अंगठा आलाय.

मग मला कळलं. चार आठवडे त्यांच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर गेलं की माझ्या कानात नुसतं 'चित्र' असं यायचं. फोटोत काय आहे ते दोन शब्दांत लिहायला तिथे एक जागा असते, आमच्यासारख्यांसाठी. ती कोणी भरली नव्हती. चार आठवडे मी माझ्याच तोंडावरून पुढे जात होते.

समन्वयक बाईंनी माझी ओळख करून दिली, तीत 'प्रेरणा' हा शब्द पाच वेळा आला. मग माइक माझ्यापुढे सरकवला. मी हेडफोन लावला आणि कानातल्या आवाजामागून एकेक शब्द, सावकाश, खिडकीत बोलते तसा स्वच्छ, वाचायला लागले.

"नमस्कार मंडी. आजवर ज्यांना आपण वगलं, त्यांची आम्हाला काजी आहे. कोणीही वेगा राहू नये, सगे जव यावेत. हे सॉफ्टवेअर सग्यांचं आहे, सग्यांसाठी आहे. कावे."

मंडीला दोघे-तिघे हसले. काजीला बरेच जण हसले, बाई घाबरली असं त्यांना वाटलं असणार. सग्यांपाशी हसणं विरलं आणि कुजबुज सुरू झाली, कोणाला तरी उलगडा झाला होता आणि तो शेजाऱ्याला सांगत होता. समन्वयक बाई जवळ येऊन पुटपुटल्या की बहुतेक कागद चुकीचा आलाय. माइक चालूच होता. मी म्हटलं, कागद बरोबर आहे, मला गेले सात आठवडे सगळं असंच ऐकू येतं.

लगेच मी मानपत्र घेतलं. मूळपुरुषांचं नाव पुकारलं गेलं होतं आणि त्यांची पावलं मंचाच्या पायऱ्यांवर वाजत होती. मी ओळ दोनशे बारा वाचली, नोंदीसकट. कोणी वापरत नाही, वगलं. पावलं मधल्या पायरीवर थांबली.

"मला वाटलं, कोणाला लागत नाही," ते म्हणाले. "कोणाची तक्रारही आली नव्हती."

"मी केली होती," मी म्हटलं. "ती शी झाली म्हणून तुमच्या झाडूने टाकून दिली."

मागच्या रांगेत एकजण फस्सकन हसला आणि गप्प झाला. मूळपुरुष उरलेल्या पायऱ्या चढून वर आले. त्यांनी सन्मान घेतला नाही. कोणाकडून तरी लॅपटॉप मागून घेतला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. बोटं चालल्याचा आवाज येत होता. वहिनी घड्याळ लावून बसली होती. चार मिनिटं. सात आठवड्यांत न झालेलं काम चार मिनिटांत झालं आणि त्यातलं एक मिनिट पासवर्ड आठवण्यात गेलं.

मी सुटकेचा श्वास सोडते तोच कॉलेजचे सर उभे राहिले आणि नाइलाजाच्या सुरात म्हणाले की नियम क्रमांक चार. बदल स्वागतार्ह आहे, पण चौदा दिवस मतांसाठी खुला ठेवावा लागेल. एकमताने झालेला नियम आहे.

इथे माझा पदरचं न बोलण्याचा निश्चय सुटला. आवाज मात्र चढला नाही.

"उद्या तीस तारीख आहे," मी म्हटलं. "उद्या साहेब माझ्यामागे उभे राहून ऐकणार. चौदा दिवसांनी तुमचं अक्षर अगदी नियमात परत आलेलं असेल आणि मी रेकॉर्ड रूममध्ये खुर्चीवर बसलेली असेन. मला तिथे काही त्रास होणार नाही."

समन्वयक बाई पुढे आल्या. बाईंना मी मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं होतं, पण त्या वेळी त्या धीराच्या निघाल्या. म्हणाल्या, नियम मंडळाने केलाय, मंडळ तो आजच्यापुरता बाजूला ठेवू शकतं. नऊच्या नऊ सदस्य इथे आहेत. हात वर करा.

"मला हात दिसत नाहीत," मी म्हटलं. "तोंडाने सांगा. एकेकाने, आपलं नाव घेऊन."

गर्दीत हात वर करायला काही लागत नाही, शेजाऱ्याचा गेला की आपला जातो. दीडशे माणसांपुढे स्वतःचं नाव घेऊन हो म्हणायचं, तर माणूस आधी घसा साफ करतो. पहिले सदस्य म्हणाले, तत्त्वतः माझी हरकत नाही. मी विचारलं, म्हणजे हो की नाही? हो म्हणाले. दुसऱ्या बाईंनी सरळ सांगितलं. तिसऱ्याने नियमांच्या पावित्र्यावर सुरुवात केली, पण लोकच ओरडले, नाव घे आणि सांग. त्याने नाव घेतलं आणि सांगितलं. कॉलेजच्या सरांचा हो सगळ्यात मोठ्याने आला. मी माझं नाव घेतलं, मी हो म्हटलं. चार आठवड्यांत माझं मत पहिल्यांदा मोजलं गेलं, निदान माझ्या माहितीत पहिल्यांदा.

मूळपुरुष शेवटी राहिले. त्यांनी नाव घेतलं, हो म्हणाले आणि जरा थांबून मलाच विचारलं की बदलाच्या नोंदीत काय लिहू. मी म्हटलं, जे झालं ते लिहा. त्यांनी बराच वेळ लावला. अक्षर परत ठेवायला लागला नव्हता तेवढा.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, पाच मिनिटं कुरकुरला आणि नवी आवृत्ती आत आली. साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले. खिडकीशी एक आजोबा होते, बहिणीला शोधत होते. मी नाव घातलं आणि कानात आलं, तळमजला, निळी पट्टी, सरळ, मग डावीकडे वळा, मळमळ कमी, काळजीचं कारण नाही. मी ते एका दमात खिडकीबाहेर पाठवलं. आजोबा काठी टेकत निघून गेले. साहेब म्हणाले, ठीक आहे, आणि तेही गेले. मी माझ्या खिडकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले, पुढचा माणूस येईपर्यंत.

दुपारी जरा सवड मिळाली तेव्हा मी स्वतःच ती आज्ञा चालवून पाहिली. "ओळ दोनशे बारा. श्रेय, मूळपुरुष. नोंद: हे अक्षर मी काढलं होतं, चूक माझी. विचारलं तेव्हाही मी गप्प राहिलो. परत ठेवलं." त्यांचं नाव मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. त्या माणसाबद्दल मला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला सांगू. घरी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे शेवटचा हात पुन्हा त्याचाच, पुढच्या वर्षीचा सन्मानही तोच नेणार.

माझी जुनी तक्रार तेवढी लोंबकळत होती. मी तिच्याखाली लिहिलं की काम झालं, आभारी आहे. लगेच झाडूचं उत्तर आलं. "ही तक्रार शिळी झाल्याने बंद आहे. नवीन तक्रार करावी. दोषाचा फोटो जोडणे आवश्यक. कळावे." दोन्ही ळ अगदी खणखणीत.

त्याची आज्ञा शिरसावंद्य मानून मी नवीन तक्रार केली. तुमच्या पहिल्या पानावर एक चित्र आहे, त्यात कोण आहे ते लिहिलेलं नाही. फोटोच्या रकान्यात वहिनीने तोच फोटो जोडला, अंगठ्यासकट.

आज तेरावा दिवस आहे.